श्रीभांडारासमोर

पाय जपून टाका. जैतुनांच्या डोंगरावरची ही वाट चांगलीच उताराची आहे, दगड सुटे आहेत आणि तुमच्या पायांत साध्या चामडी वहाणा आहेत. निसान महिना चालू आहे. इ.स. ३० च्या आसपासचा वसंत. वल्हांडण सण तोंडावर आला आहे आणि बेथानीकडून यरुशलेमात उतरणाऱ्या या वाटेवर उजाडल्यापासून माणसांची रीघ लागली आहे. कुणाच्या डोक्यावर गाठोडे, कुणाच्या खांद्यावर मूल, कुणाच्या हाती कोकराच्या गळ्यातली दोरी. कानावर अरामी पडते, मध्येच ग्रीक. तुमच्या अंगावर इथल्या माणसाचा झगा आहे आणि त्याच्या चारी टोकांना गोंडे लावलेले आहेत. हा वेष मागून आणलेला आहे, हे फक्त तुम्हालाच ठाऊक.

वाटेच्या कडेने कबरी दिसतील, ताजा चुना फासलेल्या. हिवाळी पाऊस ओसरला की अदार महिन्यात रस्ते दुरुस्त करतात आणि कबरींना चुना लावतात. चुकून कबरीला स्पर्श झाला तर माणूस सात दिवस अशुद्ध ठरतो, आणि मग शेकडो कोसांची पायपीट करून आलेल्याचा सण हुकतो. म्हणजे हा पांढरा रंग लांबूनच सावध करण्यासाठी आहे. याच दिवसांत गालीलहून आलेला येशू धर्माचे प्रदर्शन मांडणाऱ्यांना या कबरींची उपमा देणार आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे येता-जाता पाहिलेला हाच उतार उभा राहिला असेल.

आता समोर बघा, किद्रोनच्या ओहोळापलीकडे. देवालयाचे तोंड पूर्वेला आहे. सूर्य तुमच्या पाठीमागून वर येतो आहे आणि दर्शनी भागावरच्या सोन्याच्या पत्र्यांवर पडून असा परततो आहे की मान वळवावी लागते. जिथे सोने नाही तिथला दगड इतका शुभ्र आहे की परक्या माणसाला लांबून तो बर्फाचा डोंगर वाटे, असे योसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हेरोद राजाने इ.स.पू. २० च्या सुमारास हे काम काढले. तो मरून तीन दशके उलटली, तरी गवंडी अजून कामावर आहेत. पश्चिमेच्या भिंतीत साडेतेरा मीटर लांबीचा एकच चिरा आहे. तुम्ही ज्या काळातून आलात तिथेही तो जागेवरच आहे. हे सारे उभारणाऱ्या हेरोदाने स्वतःची बायको मरियम्ने आणि आपले तीन मुलगे मारवले. त्या हाताने बांधलेले घर जगातल्या देखण्या वास्तूंत गणले जाते. सौंदर्याने तुमचे डोळे दिपत असतील तर दिपू द्या, फक्त ही गोष्ट मनात असू द्या.

ओहोळ ओलांडून दक्षिणेच्या बाजूने या. इथे कातळात खोदलेली स्नानाची कुंडे आहेत. उतरा, बुडी मारा, दुसऱ्या बाजूने वर या. पुढे साठ मीटरांहून रुंद दगडी जिना आहे. त्याच्या पायऱ्या एक रुंद, एक अरुंद अशा आहेत, त्यामुळे धावत चढता येत नाही; पावलाकडे लक्ष द्यावेच लागते. वहाणा काढा. काठी, कमरेचा कसा आणि पायांवरची धूळ घेऊन देवालयाच्या डोंगरावर जायचे नाही, असा दंडक आहे. देवळाच्या पायरीशी चपला सोडण्याची सवय तुम्हाला आहेच, तेव्हा इथे तुम्ही अवघडणार नाही. दानासाठी आणलेले नाणे झग्याच्या टोकात गाठ मारून ठेवा.

दारातून आत जाणारे उजवीकडून जातात, फेरी पुरी करून डावीकडून बाहेर पडतात. सगळी गर्दी एका दिशेने वाहते आहे आणि तेवढ्यात एक माणूस उलट दिशेने येताना दिसतो. त्याला कोणी हटकत नाही. लोक थांबतात, विचारतात, काय झाले? तो सांगतो, घरात मयत झाली आहे. अनोळखी लोक त्याला म्हणतात की या घरात वास करणारा तुझे सांत्वन करो, आणि पुढे जातात. इथे थोडे थांबा. या प्रवासात तुम्ही बाहेरचे आणि आतले यांची तुलना करायला आला आहात, आणि पहिल्याच दारात तुम्हाला असा एक बाह्य आचार भेटला आहे ज्यात काहीही खोटे नाही. दुःख आत होते, चालण्याच्या दिशेने ते बाहेर दाखवले, आणि परक्यांनी ते वाटून घेतले. रूढीला सरसकट पोकळ म्हणणाऱ्यांनी हे दार आधी पाहावे, असे मला फार वाटते.

वरच्या विशाल अंगणात उजेड आणि कोलाहल एकदमच अंगावर येतात. खांबांच्या रांगेत सराफांची मेजे आहेत. काल-परवाच येशूने ती उलथून टाकली. आज पुन्हा मांडली गेली आहेत. वीस वर्षांवरच्या प्रत्येक यहुदी पुरुषाने वर्षाला अर्धा शेकेल द्यायचा, तो सोर शहरच्या चांदीच्या नाण्यात. एक नाणे हातात घेऊन बघा. एका बाजूला सोरच्या मेल्कार्त दैवताचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला गरुड. ज्या धर्मात मूर्ती निषिद्ध, त्याच्या परमपवित्र जागी हे नाणे चालते, कारण त्यातली चांदी नव्वद टक्क्यांहून शुद्ध असते. वर कोणाची छाप आहे याकडे कारभारी काणाडोळा करतात आणि आत धातू कोणता आहे ते बघतात. नाण्यांच्या बाबतीत हा विवेक इथे पक्का मुरलेला आहे.

पुढे छातीइतका उंच दगडी कठडा आहे. त्यावर ग्रीक आणि लॅटिन पाट्या आहेत: परराष्ट्रीयाने आत पाऊल टाकले तर मरणाला तो स्वतः जबाबदार. यातली एक अख्खी शिळा १८७१ साली सापडली आणि इस्तंबूलच्या संग्रहालयात गेली. तुम्ही परके आहात. पहाऱ्यावरचा लेवी, म्हणजे देवालयाचा सेवक, तुमच्याकडे बघतो, झगा बघतो, गोंडे बघतो आणि नजर हटवतो. तुम्ही आत शिरलात. तुमच्या मनात काय आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच्याजवळ डोळे होते आणि तुमच्याजवळ वेष होता.

हे स्त्रियांचे अंगण. नाव असे असले तरी पुरुषही इथूनच जातात. बायकांना मात्र याच्या पुढे जाता येत नाही. चार कोपऱ्यांत चार दालने, समोर अर्धगोल पंधरा पायऱ्या आणि वर पितळेचे निकानोर द्वार. भिंतीशी तेरा दानपेट्या आहेत. त्यांचे तोंड कर्ण्यासारखे, वर निमुळते आणि खाली पसरट, म्हणजे टाकायला सोपे आणि काढायला अवघड. प्रत्येकीवर लिहिलेले आहे: यंदाचे शेकेल, मागल्या वर्षाचे शेकेल, पक्ष्यांचे अर्पण, लाकूड, ऊद, सोने. शेवटच्या सहा पेट्या स्वखुशीच्या दानाच्या.

कागदी पैसा या जगात जन्माला आलेला नाही, त्यामुळे दानाला आवाज आहे. जड चांदी एका सुरात पडते, किरकोळ तांबे दुसऱ्या. तासभर इथे उभे राहिलात तर पाठ फिरवूनही सांगू शकाल की कोणी किती टाकले. एक श्रीमंत माणूस येतो, नोकर बाजूला उभा राहतो, मूठ उघडते आणि नाणी एकामागोमाग एक घरंगळत राहतात. आसपासच्या माना वळतात. तो ढोंगी आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या पोटात खरी भक्ती असू शकेल. शुभवर्तमानकार मार्कही एवढेच सांगतो की पुष्कळ धनवानांनी पुष्कळ टाकले. त्यांना तो एक शब्द लावत नाही.

तुमची पाळी आली. गाठ सोडा. नाणे हातात घेतल्यावर तुम्ही किंचित थांबलात, मागचे दोघे-तिघे जवळ येईपर्यंत. कुणाच्याही लक्षात येणार नाही इतकेच. मग टाकलेत. आवाज छान झाला.

याच देवालयात आणखी एक खोली आहे, गुपचूप दान करणाऱ्यांची. पापभीरू माणसे तिथे येऊन काय ते ठेवून जातात, आणि चांगल्या घरातले पण दिवस फिरलेले गरीब तिथून गुपचूप घेऊन जातात. देणाऱ्याने घेणारा पाहिलेला नसतो, घेणाऱ्याने देणारा. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात ही नोंद आहे. ती वाचली तेव्हापासून येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली गुप्त दानाची शिकवण मला या मातीत खोल रुजलेली दिसू लागली. यशया आणि आमोस या संदेष्ट्यांनी शेकडो वर्षांपूर्वी याच लोकांना सांगितले होते की हात रक्ताने माखलेले असतील तर देवाला यज्ञांचा वीट येतो. येशू परूशी या काटेकोर यहुदी पंथावर, शास्त्र्यांवर जे कडाडतो ते घरातल्या माणसाचे घरातल्यांशी बोलणे आहे. पुढे ख्रिस्ती लोकांनी ते शब्द उचलून यहुदी समाजावर धोंड्यासारखे फेकले, शतकानुशतके फेकले, आणि ‘परूशी’ ही शिवी करून स्वतःच्या अंतःकरणाची झडती टाळली. त्या अन्यायाचे ओझे ख्रिस्ती वाचकाने या अंगणात उभे असताना खांद्यावर घ्यायलाच हवे.

आणि आजच सकाळी याच परिसरात एक शास्त्री येशूपाशी आला होता. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे त्याने विचारले. उत्तर ऐकून तो मनापासून म्हणाला की देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करणे हे सगळ्या होमांहून, यज्ञांहून मोठे. होमाचा धूर नाकात जात असताना, याजकांच्या कानांवर पडेल अशा जागी, एक शास्त्री हे बोलला. देवाचे राज्य तुझ्यापासून दूर नाही, अशा अर्थाचे येशू त्याला म्हणाला. तेव्हा लांब झगे दिसले की आत काय आहे ते कळले, असे समजू नका. उलट दिशेनेही माणूस फसतो.

आता पलीकडे बघा. श्रीभांडारासमोर, म्हणजे या दानपेट्यांसमोर, येशू बसला आहे. सकाळपासून प्रश्नांचा मारा झेलून थकलेला असेल. तो बघतो आहे, किती टाकतात यापेक्षा कसे टाकतात ते. त्याच्या तोंडचे शेवटचे जाहीर शब्द अजून हवेत आहेत: लांब झगे घालून मिरवणाऱ्या, बाजारात नमस्कार घेणाऱ्या, विधवांची घरे गिळणाऱ्या आणि वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा. विधवांची घरे. हे शब्द धरून ठेवा.

ती आली आहे. तुम्हाला ती दिसलीच नाही, कारण कुणीच वाट करून दिली नाही. तिच्या वस्त्रांवरून ती विधवा आहे, गरीब आहे, एवढे उघड आहे. तिच्याकडून कोणी काही मागितलेले नाही. अर्ध्या शेकेलची पट्टी बायकांना लागू नाही. ती पेटीपाशी जाते, दोन नाणी सोडते आणि निघते. आवाज जवळजवळ नाहीच.

मराठी पवित्र शास्त्र त्यांना टोल्या म्हणते. शंभर वर्षांपूर्वी यहुदी राजा अलेक्झांडर यन्नाय याने पाडलेली तांब्याची बारीक नाणी अजून चलनात आहेत, एका अंगाला नांगर, दुसऱ्या अंगाला तारा, वजन जेमतेम ग्रॅमभर, काठ वेडेवाकडे. तिची नाणी तसलीच असावीत. शेतमजुराची दिवसाची मजुरी एक रोमन दिनार. अशा १२८ टोल्या मिळून एक दिनार होतो. चिमण्या हे गरिबांचे खाणे, त्यांचा बाजारभाव येशूच्याच बोलण्यात येतो, आणि त्या हिशेबाने एका चिमणीला चार टोल्या पडतात. तिच्या हातात अर्धी चिमणी होती. आणि नाणी दोन होती, म्हणजे एक ठेवून घेता आले असते.

येशू शिष्यांना जवळ बोलावतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या सर्वांनी उरलेल्यातून दिले, हिने जगण्याचेच दिले, म्हणून हिचे सर्वांहून अधिक. लोक पेटीत काय पडले ते मोजत होते, तो हातात काय राहिले ते बघत होता. कुठल्याही कारभाऱ्याच्या वहीत हा हिशेब बसणार नाही.

पण तो काय करत नाही, हेही नीट पाहा, कारण माझ्या मते सगळे मर्म तिथे आहे. तो तिला हाक मारत नाही. तिला पुढे उभी करून चार लोकांत वाखाणत नाही. स्तुती ऐकली असती तर दुसऱ्या दिवशी पेटीपाशी येताना तिनेही कदाचित आजूबाजूला पाहिले असते, तुम्ही पाहिलेत तसे. ती गर्दीत मिसळून जाते. आपल्याला कोणी पाहिले हे तिला ठाऊक नाही, आपल्याबद्दल दोन हजार वर्षे प्रवचने होतील हे तर नाहीच. तिचे देणे तिच्यात आणि देवात राहिले.

आणि तो असेही म्हणत नाही की जा, तुम्ही असेच करा. शुभवर्तमानात हे वाक्य कुठेही नाही. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत ते आहे, इथे नाही. कॅथलिक मंडळींत हा उतारा तीन वर्षांतून एकदा, नोव्हेंबरातल्या एका रविवारी वाचला जातो. एरवीही अर्पणाची थाळी फिरताना या विधवेची आठवण निघते. गरिबाला अधिक द्यायला लावण्यासाठी तिचा दाखला दिला जातो तेव्हा मला राग येतो. ज्या चर्चच्या भिंतीवर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने संगमरवरात कोरलेली असतात, तिथे तिच्यावर प्रवचन कोणत्या तोंडाने करायचे? तिचे नाव त्या फरशीवर कुठे बसवणार? आधी विधवांची घरे गिळणाऱ्यांविषयी चार शब्द, लगेच मागून जगण्याचे सगळे टाकून गेलेली विधवा: मार्कने ही दोन चित्रे शेजारी ठेवली ती उगाच नाही. येशूच्या शब्दांत तिच्याबद्दल आदर आहे तितकाच त्या व्यवस्थेबद्दल शोक आहे, जिच्यात सोन्याचे पत्रे चढत राहतात आणि एका बाईपाशी दोन टोल्याच उरतात.

आता बाहेर पडा, डावीकडून. शिष्यही निघाले आहेत. त्यातला एक मान वर करून म्हणतो की गुरुजी, केवढे हे चिरे, केवढ्या या इमारती. ती बाई दाखवून किती वेळ झाला असेल? घटकाभरही नाही. त्याला बोल लावू नका, तुम्हीही सकाळी तेच पाहत होता. येशू सांगतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. चाळीस वर्षांनी, इ.स. ७० मध्ये, सेनापती तीतच्या रोमन फौजा हे देवालय जाळून पाडतील. आजही भिंतीच्या पायथ्याशी, तेव्हाच्या फरसबंदीवर, वरून ढकललेल्या चिऱ्यांचा ढीग पडलेला आहे. यहुद्यांची ती देवालयाची पट्टी त्यानंतर रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी वसूल होऊ लागेल.

पण इतक्या पुढे जाऊ नका. त्या रात्री ती विधवा काय जेवली, हा प्रश्न घेऊन निघाला आहात ना? शुभवर्तमानात त्याचे उत्तर नाही. मग काही वर्षेच पुढे सरका, याच शहरात. येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू होऊन गेला आहे. येशूच्या शिष्यांची मंडळी वाढली आहे, लोक जमिनी विकून पैसा प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांच्या, पायाशी ठेवत आहेत, रोज अन्नवाटप होते आहे. तुम्ही एका घराच्या अंगणात उभे आहात आणि आत आवाज चढले आहेत. ग्रीक बोलणारे यहुदी कुरकुर करत आहेत: रोजच्या वाटपात आमच्या विधवा राहून जातात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली, मंडळीच्या पोटातून उठलेली ही पहिली जाहीर तक्रार. ती भाकरीवरून आहे, आणि विधवांच्या भाकरीवरून.

प्रेषित तक्रार मोडून काढत नाहीत. ज्यांनी ती विधवा डोळ्यांनी पाहिली होती असे काहीजण त्यांच्यात आहेत. ते सगळ्या मंडळीला बोलावतात आणि सांगतात की तुमच्यातूनच सात भली माणसे निवडा, त्यांच्याकडे हे काम देऊ. निवड होते. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या होत्या त्यांच्याच माणसांकडे वाटपाची भांडी सोपवली गेली.